जे नाही त्याचे आजार : प्रस्तावना

जीवनसत्त्वांच्या अभावामुळे मेंदू, मेरुरज्जू आणि त्यांच्यापासून शरीरभर पसरलेल्या चेता यांना जडणारे विकार हा वैद्यकशास्त्रातला एक चमत्कारिक प्रांत आहे. त्यांतील प्रमुख आजारांची कारणे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पक्की झाली, त्यांवरची औषधे कोणत्याही औषधदुकानात माफक किमतीत मिळतात, आणि असे असूनही हे आजार दवाखान्यात येतात ते वेड, व्यसन, म्हातारपण किंवा नुसता अशक्तपणा अशा दुसऱ्याच नावाने, आणि पुष्कळदा त्याच नावाने परत जातात. मेंदूच्या बहुसंख्य ऱ्हासविकारांत गेलेले परत मिळत नाही, असे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकवले जाते आणि ते खरेही आहे. पण थायमिनच्या, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाच्या अभावाने ज्याच्या डोळ्यांची हालचाल थांबली आहे, अशा रुग्णाला त्याची मात्रा शिरेतून वेळेवर दिली, तर काही तासांत, फार तर काही दिवसांत त्याचे डोळे पुन्हा फिरू लागतात. उपाय इतका जवळ असताना निदान इतके लांब का राहते, हा प्रस्तुत ग्रंथाचा मूळ प्रश्न आहे.

जीवनसत्त्व म्हणजे शरीराला अत्यल्प प्रमाणात लागणारा, पण शरीर स्वतः पुरेसा तयार करू शकत नाही असा सेंद्रिय पदार्थ. त्याच्यापासून ऊर्जा मिळत नाही. अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या, चेतापेशींवरचे आवरण घडवणाऱ्या किंवा पेशीची गुणसूत्रे नव्याने बांधणाऱ्या रासायनिक क्रिया त्याच्या साहाय्याने चालतात. प्रौढ माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असतो, पण विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा तो एकटाच वापरतो, आणि स्नायूंप्रमाणे किंवा यकृताप्रमाणे त्याच्याजवळ साखरेचा मोठा साठा नसतो. त्यामुळे ऊर्जेच्या साखळीतली एखादी कडी निखळली की त्याची झळ सर्वांत आधी मेंदूच्या काही ठरावीक भागांना लागते. या क्षेत्रात मुख्यत्वे ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे येतात: थायमिन, नायसिन, पायरिडॉक्सिन, फॉलेट आणि बी-१२. ई, डी आणि के या जीवनसत्त्वांचा संबंध मर्यादित असला तरी नाकारता येत नाही. आयोडिन आणि लोह यांच्या कमतरतेचाही मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, परंतु ती खनिजे असल्याने ती या ग्रंथाच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. विदर्भात लाखीच्या डाळीशी जोडला गेलेला पायांचा लुळेपणाही येथे नाही, कारण त्याचे मूळ अन्नातल्या विषारी द्रव्यात आहे, अभावात नाही.

या अभ्यासक्षेत्राच्या वाटेतला पहिला अडथळा वैचारिक होता. १८८० नंतरच्या दशकात पाश्चर आणि कॉख यांच्या संशोधनाने प्रत्येक आजारामागे कोणीतरी सूक्ष्म शत्रू असतो, अशी धारणा रूढ झाली, आणि जे शरीरात शिरलेच नाही, त्यानेही आजार होऊ शकतो, हा विचार त्या काळाला जवळजवळ हास्यास्पद वाटत असे. बेरीबेरी या रोगात पाय बधिर होतात, स्नायूंची शक्ती जाते, अंगाला सूज येते आणि हृदय निकामी होते. तांदूळ हेच मुख्य अन्न असलेल्या आशियात त्याचा सुळसुळाट होता आणि डच सरकारने त्याचा जंतू शोधण्यासाठी जावा बेटावर खास मंडळ धाडले होते. जपानी नौदलातले वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी मात्र आहाराकडे बोट दाखवले. १८८२-८३ च्या सफरीत ‘र्युजो’ या नौकेवरील ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाली आणि २५ जण दगावले. त्यानंतर १८८४ मध्ये मांस, दूध, पाव, बार्ली असा सुधारित आहार घेऊन निघालेल्या ‘त्सुकुबा’वर या रोगाने एकही मृत्यू झाला नाही. ताकाकींनी लावलेला अर्थ चुकीचा होता, कारण हा प्रथिनांचा अभाव आहे असे त्यांना वाटले; तरी त्यांचा उपाय बरोबर होता. जपानच्या भूदलातील वैद्यांनी, ज्यांत पुढे कादंबरीकार म्हणून विख्यात झालेले मोरी ओगाई होते, तो उपाय मानला नाही आणि १९०४-०५ च्या रशियाबरोबरच्या युद्धात त्यांच्या हजारो सैनिकांनी त्याची किंमत मोजली.

जावातील बटाविया येथे क्रिस्तियान आइकमन यांच्या कोंबड्या सडीक पांढऱ्या भातावर ठेवल्या असता लुळ्या पडल्या आणि कोंड्यासकटचा तांदूळ मिळताच सुधारल्या, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत सर्वत्र आढळते. पण स्वतः आइकमन कित्येक वर्षे भातातल्या स्टार्चमध्ये विष असून कोंड्यात त्याचा उतारा आहे असेच मानत होते, हे सहसा सांगितले जात नाही. कोंड्यात उतारा नसून आवश्यक असे काहीतरी आहे आणि ते काढून टाकल्याने रोग होतो, हे स्पष्ट शब्दांत मांडले ते त्यांचे सहकारी खेरित ग्राइन्स यांनी, १९०१ मध्ये. १९१२ मध्ये काझिमिर फुंक यांनी अशा द्रव्यांना जे सामान्यनाम दिले, त्यातूनच ‘व्हिटॅमिन’ हा शब्द आला. १९२६ मध्ये जावातच यान्सेन आणि डोनाथ यांनी थायमिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि १९३६ मध्ये रॉबर्ट विल्यम्स यांनी ते प्रयोगशाळेत तयार करून दाखवले.

या इतिहासाला भारतीय बाजूही आहे. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे एका खोलीत सुरू केलेले बेरीबेरीचे संशोधनच वाढत जाऊन पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाले. आंध्रच्या किनाऱ्यावर गिरणीत सडलेला कच्चा तांदूळ खाणाऱ्यांत बेरीबेरी आढळे, तर उकडा तांदूळ खाणाऱ्या शेजारच्या प्रदेशांत ती जवळपास नसे. भात साळीसकट उकडून मग वाळवून सडला, की टरफलाजवळचे थायमिन दाण्याच्या गाभ्यात उतरते आणि गिरणीत कोंडा निघून गेला तरी त्याचा मोठा भाग मागे उरतो. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज पिढ्यान्‌पिढ्या होत आली, ती चवीसाठी आणि पोटाला बरी पडते म्हणून. तिने मज्जासंस्थाही राखली, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

मेंदूशी थेट संबंध असलेला धागा मात्र युरोपातून येतो. १८८१ मध्ये कार्ल वेर्निके यांनी तीन रुग्णांचे वर्णन केले: मनाचा गोंधळ, चालताना तोल जाणे आणि डोळ्यांची हालचाल लुळी पडणे. तिघेही थोड्याच दिवसांत मरण पावले आणि विच्छेदनात मेंदूच्या मध्यभागी, द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या कडेला सूक्ष्म रक्तस्राव दिसले. वेर्निके यांनी ते दाह समजले. सहा वर्षांनी रशियातील सेर्गेई कोर्साकॉफ यांनी अशा रुग्णांचा अभ्यास सुरू केला, की ज्यांना जुन्या आठवणी आहेत पण पाच मिनिटांपूर्वीची गोष्ट नाही, आणि ही पोकळी ते न घडलेल्या प्रसंगांनी, फसवण्याचा कोणताही हेतू नसताना, भरून काढतात. हे दोन आजार म्हणजे एकाच रोगाची आधीची आणि नंतरची रूपे आहेत, हे ध्यानात यायला बराच काळ गेला. एक तपशील येथे महत्त्वाचा आहे. वेर्निके यांच्या तिघांपैकी दोघे मद्यपी होते, पण तिसरी होती शिवणकाम करणारी एक तरुणी, जिला सल्फ्युरिक आम्ल प्यायल्यानंतर उलट्यांमुळे अन्न ठरेना. कोर्साकॉफ यांचेही सगळे रुग्ण दारू पिणारे नव्हते. तरीही पुढच्या शंभर वर्षांत हा ‘दारुड्यांचा आजार’ ठरला आणि ती शिवणकाम करणारी मुलगी पाठ्यपुस्तकांतून बाहेर पडली.

तिची बाजू पुढे आली ती युद्धकैद्यांच्या छावणीतून. १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर चांगी येथे कोंडलेल्या ब्रिटिश सैनिकांना सडीक तांदळावर ठेवले गेले आणि काही आठवड्यांतच, जुलाबांनी खंगलेल्या कैद्यांत, वेर्निके यांनी वर्णिलेली लक्षणे दिसू लागली. तेथे दारू नव्हती. ह्यू डी वॉर्डनर आणि बर्नार्ड लेनॉक्स या कैदी डॉक्टरांनी मिळेल त्या थायमिनने उपचार केले, नोंदी ठेवल्या, त्या जमिनीत पुरून राखल्या आणि १९४७ मध्ये ५२ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. शरीरातील थायमिनचा एकूण साठा सुमारे तीस मिलिग्रॅम असतो आणि तो दोन-तीन आठवड्यांत संपू शकतो, या आकड्यामागचा खरा अर्थ चांगीच्या नोंदींतून जितका कळतो तितका कोष्टकांतून कळत नाही.

चांगीच्या दशकभर आधीच ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स यांनी या विषयाला नवी भाषा दिली होती. थायमिनपासून वंचित ठेवलेल्या कबुतरांच्या मेंदूत लॅक्टिक आम्ल साचते आणि त्याच मेंदूच्या उतींत थायमिन घातले की त्यांचा श्वसनव्यवहार पूर्ववत होतो, असे त्यांनी दाखवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली काहीही बिघडलेले दिसण्याआधीच्या या अवस्थेला ‘जैवरासायनिक इजा’ म्हटले. विकृतिशास्त्राची जर्मन परंपरा मेंदूतील जखमेचा ठिकाणा शोधत असे. पीटर्स यांच्या संप्रदायाने जखम होण्याआधीच्या बिघाडाकडे लक्ष वेधले. पेशी अजून मेलेली नसते तेव्हाच उपचाराला अर्थ असतो, म्हणून व्यवहाराच्या दृष्टीने हा दुसरा संप्रदाय अधिक मोलाचा ठरला, असे म्हणायला हरकत नाही. कुपोषिताला थायमिन न देता आधी नुसते ग्लुकोज चढवले, तर उरलेसुरले थायमिन त्या साखरेच्या ज्वलनात खर्ची पडून मेंदूची अवस्था ढासळू शकते, हा इशाराही याच विचारातून आला. अशक्तपणा आला की सलाईन लावून घेण्याची सवय महाराष्ट्रात खेडोपाडी आहे, म्हणून हा मुद्दा येथे अधिक जोर देऊन सांगणे भाग आहे.

पेलाग्रा या रोगाची कथा गरिबी आणि धान्य यांची आहे. स्पेनच्या आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल यांनी १७३५ मध्ये त्याची पहिली नोंद केली. ऊन लागणाऱ्या त्वचेवर, विशेषतः गळ्याभोवती माळेसारखा काळपट चट्टा, जुलाब, आणि मग चिडचिड, निद्रानाश, भ्रम व शेवटी बुद्धिभ्रंश, असा त्याचा क्रम असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागातील मनोरुग्णालये अशा रुग्णांनी भरली होती आणि तेथील वैद्यांना तो संसर्गजन्य वाटत होता. जोसेफ गोल्डबर्गर यांना दिसले, की रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांना तो होत नाही. १९१५ मध्ये मिसिसिपीतील तुरुंगाच्या शेतावर स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना मक्याच्या निकस आहारावर ठेवून त्यांनी रोग उत्पन्न करून दाखवला, आणि पुढच्या वर्षी स्वतःवर, पत्नीवर व सहकाऱ्यांवर रुग्णांच्या रक्ताचे आणि मलमूत्राचे प्रयोग करून तो संसर्गाने होत नाही, हेही सिद्ध केले. आजच्या नीतिनियमांत यांतला कोणताच प्रयोग बसणार नाही. हरवलेले द्रव्य नायसिन आहे, हे कॉनरॅड एल्व्हेहेम यांनी १९३७ मध्ये शोधले, तेव्हा गोल्डबर्गर यांना जाऊन आठ वर्षे झाली होती. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि त्यामुळे दाण्यात बांधलेले नायसिन मोकळे होते. युरोपने त्यांचा मका नेला, पाककृती नेली नाही.

दख्खनला या प्रकरणात स्वतंत्र स्थान आहे, कारण येथे पेलाग्रा मक्याऐवजी ज्वारी खाणाऱ्यांत आढळला. हैदराबादच्या संशोधनातून सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे मांडले, की ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल अधिक असल्याने नायसिनच्या चयापचयात अडथळा येतो. हा सिद्धान्त पुढे वादग्रस्त ठरला आणि त्यावर सर्वमान्य निकाल लागलेला नाही. एवढे मात्र खरे, की ज्वारीची भाकरी डाळ, पालेभाजी, ताक, शेंगदाणे यांच्यासोबत खाणाऱ्याला त्यातून धोका नाही. धोका होता तो वर्षातले कित्येक महिने भाकरी आणि मिरचीवर दिवस काढणाऱ्या मजुराला.

बी-१२ आणि फॉलेट यांचा इतिहास रक्ताच्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचतो, आणि त्यातले एक महत्त्वाचे पर्व मुंबईत घडले. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये तेथे आल्या आणि कापडगिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांना होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा त्यांनी हाफकिन संस्थेत अभ्यास केला. यीस्टपासून केलेल्या ‘मार्माइट’ या स्वस्त पदार्थाने त्या बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या पदार्थातला गुणकारी घटक म्हणजे फॉलेट. याच फॉलेटची पूरक मात्रा गर्भधारणेच्या आधीपासून घेतल्यास बाळाच्या मेंदू आणि मेरुरज्जूच्या नळीतील जन्मजात दोष पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे ब्रिटनमधील चाचणीने १९९१ मध्ये सिद्ध केले. ही नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणजे बहुतेक स्त्रियांना दिवस गेल्याचे पुरते कळण्यापूर्वीच.

बी-१२ च्या अभावात मेरुरज्जूच्या मागच्या आणि बाजूच्या पट्ट्यांमधले मायलिन, म्हणजे चेतातंतूंवरचे स्निग्ध वेष्टण, झडू लागते. १९०० मध्ये रसेल, बॅटन आणि कॉलियर यांनी या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले. पायांना मुंग्या, अंधारात तोल जाणे, विसराळूपणा, उदासी, क्वचित भ्रम, असा तिचा प्रवास असतो. रक्तक्षय आधी आणि मेंदूची लक्षणे नंतर, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. १९८८ मध्ये जॉन लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी बी-१२ अभावाने मज्जाविकार झालेले १४१ रुग्ण तपासले, तेव्हा त्यांतल्या ४० जणांना रक्तक्षय नव्हता आणि त्यांच्या रक्तपेशींचा आकारही वाढलेला नव्हता. नुसते फॉलिक आम्ल दिले तर रक्त सुधारते आणि मज्जासंस्थेची हानी आतल्या आत चालू राहू शकते, हे त्याआधीपासून ठाऊक होते. दारू नाही म्हणून थायमिनचा विचार न करणे आणि रक्त चांगले आहे म्हणून बी-१२ चा विचार न करणे, या दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत: रोगाचे पहिले ठळक चित्रच त्याच्या पुढच्या रुग्णांना झाकून टाकते. ऑस्ट्रेलियातील क्लाइव्ह हार्पर यांनी १९८६ मध्ये शवविच्छेदनाने निश्चित झालेल्या १३१ रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा वेर्निके यांची तिन्ही लक्षणे एकत्र असलेले फक्त १६ टक्के निघाले. प्रस्तुत ग्रंथाची सगळी मांडणी या एका निरीक्षणाभोवती उभी आहे.

उरलेल्या जीवनसत्त्वांबद्दल येथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, मेंदूतील उत्तेजना शमवणारे एक रसायन तयार होण्यास लागते. १९५० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत अति उष्णता दिलेल्या बालआहारातून ते नष्ट झाले आणि तान्ह्या मुलांना झटके आले. क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे औषधही बी-६ कमी करते, म्हणून त्यासोबत त्याची गोळी दिली जाते. ई जीवनसत्त्व पचनातील किंवा जनुकांतील दोषामुळे न मिळाल्यास तोल जातो, डी च्या तीव्र अभावात कॅल्शियम घटून अर्भकाला झटके येऊ शकतात, आणि के च्या अभावात नवजाताच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, ज्याला जन्मतः दिलेले एक इंजेक्शन रोखते.

एका संप्रदायाबद्दल मात्र स्पष्ट मत नोंदवणे आवश्यक आहे. पेलाग्राचे वेड नायसिनने बरे होते, मग स्किझोफ्रेनियाही प्रचंड मात्रेने बरा होईल, असा तर्क कॅनडातील एब्रॅम हॉफर आणि हम्फ्री ऑस्मंड यांनी लढवला, आणि लायनस पॉलिंग यांनी १९६८ मध्ये त्याला सैद्धान्तिक बैठक दिली. १९७३ मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या अभ्यासगटाने तो दावा पुराव्याअभावी फेटाळला. अभाव भरून काढणे आणि अभाव नसताना भर घालत राहणे यांत फरक आहे. बी-६ च्या अतिरेकी मात्रा स्वतःच चेतांना इजा करतात, हे १९८३ मध्ये दिसून आले आहे.

हा विषय आज महाराष्ट्रात नव्याने मांडण्याचे कारण प्रामुख्याने बी-१२ आहे. पुणे आणि परिसरातील मध्यमवयीन पुरुषांच्या, चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात बी-१२ कमी आढळले. पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांच्या दीर्घकालीन अभ्यासात, गरोदरपणी ज्यांचे बी-१२ कमी होते त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर स्मरण आणि अवधान यांच्या काही चाचण्यांत मागे पडलेली दिसली. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९६२ मध्येच अंगावर पिणाऱ्या, सुस्त, काळवंडलेल्या, हात थरथरणाऱ्या आणि शिकलेले विसरू लागलेल्या बाळांचे वर्णन करून ती बी-१२ ने सुधारतात, हे सांगितले होते. शाकाहार हे यामागचे एक कारण आहे. पण दूध परवडत नाही, म्हातारपणी जठरातून शोषण मंदावते, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी आम्लरोधक गोळ्या वर्षानुवर्षे चालू राहतात, वजन घटवण्याची शस्त्रक्रिया होते, ही कारणे मांसाहारी घरांतही आहेत. गरोदरपणात उलट्या न थांबणारी स्त्री आणि दीर्घ उपवास करणारा वृद्ध यांच्या बाबतीत थायमिनचा प्रश्नही तितकाच जिवंत आहे. २०२१ मध्ये घोषित झालेल्या पोषणयुक्त तांदळाच्या योजनेत लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ सक्तीचे आहेत, थायमिन नाही. त्याची चर्चा व्हायला हवी. दुसरीकडे, ‘ताकदीचे इंजेक्शन’ म्हणून तेच लालसर बी-१२ न तपासता टोचले जाते, दोन मात्रांनी रक्तातला आकडा सुधारतो, आणि खऱ्या रुग्णाचे निदान कायमचे पुसले जाते.

प्रस्तुत ग्रंथ कुटुंबवैद्य, मनोविकार आणि मज्जाविकार यांचे विद्यार्थी, परिचारिका, आहारतज्ज्ञ व जिज्ञासू वाचक यांना समोर ठेवून सिद्ध केला आहे. प्रत्येक जीवनसत्त्वाचा इतिहास, त्याचे मेंदूतील कार्य आणि रुग्णशय्येवरचे त्याचे रूप असे तिन्ही धागे त्यात एकत्र विणले आहेत, आणि जेथे पुरावा अपुरा आहे, जसे की वृद्धांच्या स्मृतिभ्रंशात बी गटाचा उपयोग, तेथे निष्कर्ष मुद्दाम खुला ठेवला आहे. हा ग्रंथ वाचून कोणी स्वतःवर उपचार करू नयेत. संशय आल्यास गोळी घेण्याआधी रक्ताचा नमुना द्यावा. परिशिष्टात रुग्णांच्या तोंडचे शब्द संग्रहित केले आहेत: पायांखाली कापूस असल्यासारखे वाटणे, मुंग्या येणे, चप्पल कधी निसटली ते न कळणे. निदानाची सुरुवात या शब्दांपासून होते आणि ते दर जिल्ह्यागणिक बदलतात. खानदेश, मराठवाडा, विदर्भ, कोकण आणि गोवा येथील वैद्य आणि वाचक यांनी आपापल्या भागातील असे शब्द कळवावेत, म्हणजे पुढील आवृत्तीत त्यांचा समावेश करता येईल.